साताऱ्याची लाईन लागत नाही

…आणि ती पारदर्शक क्लिप — करंगळीच्या नखाएवढी, आत बारीक पिवळसर टोकं, वर एक इवलीशी जीभ — अंगठ्याखाली पुन्हा अर्धवटच दाबली गेली, आणि उमाला वाटलं, ही आता मोडणार. मोडली तर बरं होईल. मोडली तर काही ठरवायलाच नको. पण ती मोडली नाही. अण्णांच्या पलंगाशी भिंतीवर बसवलेल्या पांढऱ्या डबीतून टेलिफोनची वायर निघाली, तिच्या जागी लॅपटॉपची वायर बसली, टक् असा अगदी लहान आवाज झाला आणि त्या आवाजासरशी उमानं दाराकडे पाहिलं. दार तिनंच लोटून घेतलं होतं. बाहेरच्या खोलीत आई सतरंजीवर बसून असणार, भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन — अण्णा गेल्यापासून तिला बसायची तेवढी एकच तऱ्हा उरली होती — आणि तिच्या हाताशी, तिपाईवर, घरातला दुसरा फोन. याच लाईनवरचा.

मग तिनं अण्णांची तपकिरी शाल घेतली, दोन घड्या केल्या आणि लॅपटॉपवर पांघरली. सराईतपणे. ते सराईतपण तिला दिसलं, आणि दिसल्यावरही हात थांबले नाहीत. मोडेमचा आवाज बंद करता येतो. कुठं जाऊन काय दाबायचं ते ऑफिसात रविराजनं दाखवलं होतं. पण तिला तो बंद करायचा नव्हता. तो फक्त कुणाला ऐकू जायला नको होता. ती वाकून, शालीला कान लावून बसली. आधी नुसती गुणगुण, मग आकडे लागल्याचे भराभर स्वर, दूर सांगलीला वाजणारी घंटा — आणि मग ती किंकाळी, तोंडात बोळा कोंबल्यासारखी, मग खरखर, मग दोन वेगवेगळे सूर, एकमेकांना अंधारात चाचपडणारे… शालीला अजून निलगिरीचा वास होता.

‘आता हा विचारतोय,’ अण्णा म्हणायचे. तीन उशांना टेकून बसलेले, श्वास जपून जपून घेणारे अण्णा या आवाजाला मात्र खुलायचे. उभा जन्म टेलिफोन खात्यात गेला होता. तरुणपणी साताऱ्याच्या एक्स्चेंजमध्ये ट्रंकच्या बोर्डावर, डोक्याला हेडफोन लावून, या गावाची वायर त्या गावाच्या भोकात खोचत. ‘हा विचारतोय, आहेस का. तो म्हणतोय, कोण तू. आता हा नाव सांगेल… थांब, बोलू नकोस… पटली. ओळख पटली बघ.’ आणि खरोखरच तेव्हाच खरखर थांबायची, पडद्याच्या कोपऱ्यात दोन चिमुकले कॉम्प्युटर उजळायचे, आणि अण्णा एखादं अवघड लग्न जुळवून दिल्यासारखे तृप्त होऊन उशीवर मान टाकायचे. ‘आमच्या वेळी हे काम माणसं करायची. दोघांना एकमेकांचं ऐकू येईपर्यंत मधे थांबायचं. ऐकू आलं, की आपला कान काढून घ्यायचा.’

आजही ओळख पटली. खोलीत कुणी काही बोललं नाही.

आणि मग सांगली. म्हणजे सांगली नव्हे — कृष्णेचा घाट नाही, नवरा मुकुल नाही, परीक्षेचा अभ्यास सोडून टीव्हीसमोर बसलेली लेक सई नाही, कुपवाडच्या कारखान्यांच्या गर्दीतलं ते दुमजली ऑफिससुद्धा नाही. फक्त फोल्डर. पिवळे, एकाखाली एक, नावं लावलेले : फलटण, रहिमतपूर, शिरवळ. ठिबक सिंचनाच्या नळ्या विकणारी कंपनी. डेपोडेपोंवरून रोजचा स्टॉक याच वाटेनं, टेलिफोनच्या तारेतून, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर यायचा, आणि तो तपासून मुख्य फाईलमध्ये चढवायचा, हे उमाचं काम. नळ्यांची वेटोळी, गाळण्या, तोट्या. लाईन इतकी संथ, की एक फोल्डर उघडेपर्यंत पडद्याकडे नुसतं बघत राहायचं, आणि त्या बघण्याला कुणी रिकामपण म्हणू शकत नाही, शोकही म्हणू शकत नाही. इथं आलेल्याचा आणि दिलेल्याचा मेळ बसायचा. नाही बसला तर चूक कुठं आहे ते शोधता यायचं, आणि ती सापडायची. इथं अण्णांना कुणी ओळखत नव्हतं. इथं कुणी ‘कसं झालं हो शेवटी’ असं विचारत नव्हतं, ते सांगताना आपल्याच तोंडी घोटून गुळगुळीत होत गेलेली वाक्यं — रात्री दूध घेतलं, पहाटे एकदा हाक मारली — पुन्हा ऐकावी लागत नव्हती…

खरं सांगायचं तर — पण कुणाला — मला कुणी बोलावलं नव्हतं.

अण्णांचं दुखणं चालू होतं तेव्हा गोष्ट वेगळी होती. तेव्हा रजा शिल्लक नव्हती. साहेबांनीच लॅपटॉप दिला, घरूनच लाईन जोडून काम करा म्हणाले, आणि उमा रोज दुपारी इथं, याच स्टुलावर, खरोखरीचं, अडलेलं, निकडीचं काम करत बसायची. पण अण्णा गेले त्या दिवशी साहेबांचा मुकुलच्या मोबाइलवर फोन आला होता. ‘मॅडमना म्हणावं, दिवस होईपर्यंत कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. स्वप्नाली सगळं बघेल.’ निरोप देऊन मुकुल सईसाठी सांगलीला परतला, आणि आपल्याबरोबर हे खरं माहीत असलेला एकुलता एक माणूसही घेऊन गेला. ‘थोडं बघावं लागतं गं,’ तिनं आईला सांगितलं. ‘माझ्याशिवाय अडतं त्यांचं.’ उत्तर अगदी तयार होतं. आईनं काही विचारलंही नव्हतं.

आणि ते सुतकाचं. लग्न झालेल्या लेकीला आईवडिलांचं सुतक तीन दिवसांचं. कॉलेजात असताना यावरून ती अण्णांशी किती भांडली होती — म्हणजे मंगळसूत्र घातलं की बाप कमी होतो का — आणि अण्णा हसून म्हणाले होते, ‘नियम करणाऱ्याला मुलगी नसणार.’ पुढे कितीदा, मैत्रिणींत, चारचौघांत, तिनं ते वाक्य आपल्या वडिलांचं म्हणून अभिमानानं सांगितलं होतं. आणि चौथ्या दिवशी सकाळी, गुरुजी दहाव्याच्या सामानाचं आईला सांगत असताना, मधेच तिचाच आवाज तिला ऐकू आला : ‘मला तीनच दिवसांचं आहे ना? मग मी कामाला बसले तर चालेल.’ गुरुजी म्हणाले, शास्त्राची हरकत नाही. आईनं तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर बरं झालं असतं. तिथं होती ती सुटका — एकजण तरी सुटली, म्हणून वाटलेली.

बाहेर दाराची कडी वाजली. शेजारच्या शालूबाई. माणदेशातून कधीकाळी नवऱ्याच्या नोकरीपायी साताऱ्यात आलेल्या, पण बोली त्यांनी गावाकडचीच ठेवली होती. सुतकाच्या घरी त्या दोन्ही वेळचा डबा आणत होत्या. उमानं हात कळफलकावरून उचलले. चोरासारखे.

‘आवं वैनी, दोन घास खावा की. पिटलं गरम हाय.’

‘ठेवा तिथं. उमा आली की बसते.’

‘निजल्यात व्हय उमाताई?’

‘काम करतेय आत. कॉम्प्युटरवर.’ आईचा आवाज जरा उंचावला. ‘तिची नोकरी जोखमीची आहे, शालूबाई. तिच्यावाचून तिथं पान हलत नाही.’

‘बरं असतंय बाई लेकीचं. तीन दिसांत मोकळी.’ डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज. ‘ल्योक असता तर डोई भादरून धा दिस गुमान बसला असता.’

‘लेक असता तर बायकोच्या पदराआड बसला असता. माझी दाराआड बसते, पण काम तरी करते.’

शालूबाई हसल्या. मग सुतकाचं घर आठवून हसू आवरतं घेतल्यासारखं खोकल्या. ‘ते बी खरं म्हना. आमच्या गावचा नाथाजीच बघा. सासरा मेला तवा लय रडला, आन् सवताचा बा मेला तवा तेराव्याच्या जेवणात मीठ कमी म्हनून आचाऱ्यासंगं भांडला.’

‘त्याला रडायचंच असेल. जमलं नसेल.’

हे आई इतक्या सहज म्हणाली, की दाराआड उमाला स्टुलावर बसवेना. पडद्यावर फलटणचा फोल्डर उघडून कधीचा तिची वाट पाहत होता. आई तिची बाजू लढवते आहे. खोट्या गोष्टीच्या आधारावर, भिंतीला टेकून, उपाशी पोटी. आणि मी? मी एका डेपोतल्या तोट्या मोजते आहे, ज्या कुणी मोजायला सांगितल्या नाहीत.

‘सांगलीस्नं कोन आलं न्हाई ते, वैनी? सख्खा भाऊ हाय न्हवं आण्णांचा?’

झाकण पुन्हा डब्यावर बसल्याचा आवाज.

‘मधुभावजींचा पाय प्लास्टरात आहे,’ आई म्हणाली. मग : ‘पाय मोडलाय. तोंड नाही मोडलं.’

‘मंग तुमीच लावा की फोन.’

‘आपण नाही लावायचा. दुःख आपल्याकडे झालंय. आपणच कसं म्हणायचं, की रडायला या?’

‘व्हय, ते बी हायच,’ शालूबाई म्हणाल्या, आणि भांडी न्यायला सांजच्याला येते असं सांगून गेल्या.

मधुकाका. उमा सांगलीला नांदायला गेली तेव्हा सगळ्यांना वाटलं, चला, पुतणी काकाच्या गावात गेली, आता भाऊ पुन्हा बोलायला लागतील. तसं झालं नाही. आजी मधुकाकांकडे सांगलीत वारली होती, आणि तिच्या दहाव्याला, नदीवर, सगळ्यांसमोर, अण्णा म्हणाले होते, ‘तू तिला नीट बघितलं नाहीस.’ एवढंच. एक वाक्य. घरी येईपर्यंतच अण्णांना ते लागायला लागलं असावं, कारण त्या प्रवासात ते एस.टी.च्या खिडकीतून बाहेर बघत बसले ते साताऱ्यापर्यंत वळले नाहीत. पण परत घेतलं मात्र नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचे फोन जोडून दिलेल्या माणसानं एक फोन लावला नाही. मग वर्षं गेली. लग्नाच्या पत्रिका बायकांच्या नावानं जात-येत राहिल्या. बाजारात कधी काका दिसले तर उमा वाकून नमस्कार करायची, ते ‘दादा बरा आहे ना’ असं विचारायचे, आणि उत्तर ऐकायच्या आत भाजीवाल्याकडे वळायचे. आणि आई आता त्यांच्या एका फोनसाठी त्या तिपाईजवळ बसून आहे. भावजी बोलले, की तिच्या लेखी अण्णांचं ते वाक्य फिटेल. ती असं म्हणाली नव्हती. पण उमाला ते माहीत होतं. माहीत असूनच तिनं आज क्लिप बसवली होती, आणि काल, आणि परवा. फक्त थोडा वेळ, असं म्हणत. फोन करायचा असेल तो सकाळी करेल, संध्याकाळी करेल, दिवसात काय एवढीच एक दुपार असते का…

शालीत काहीतरी गुदमरलं. पडद्यावरचे आकडे थिजले. कोपऱ्यातले दोन चिमुकले कॉम्प्युटर विझले, आणि त्याच वेळी बाहेरून, अगदी हलक्या, ओशाळ्या आवाजात —

‘हॅलो… हॅलो… भावजी का?’

उमा उठली. दार उघडलं. आईनं रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी धरला होता, आणि त्यातून फुटणारी ती खरखर ती डोळे मिटून, मान तिरपी करून, लक्ष देऊन ऐकत होती, त्या खरखरीच्या मागे कुठं माणूस असेल तर सुटू नये म्हणून. मग आवाज बंद झाला. आईनं डोळे उघडले. दारात उमा दिसली तशी तिनं रिसीव्हर घाईघाईनं खाली ठेवला.

‘मला उगीच वाटलं, घंटा झाली.’ मग : ‘तुझं काम तुटलं ना गं माझ्यामुळं?’

उमा दाराची चौकट धरून उभी राहिली.

‘मी उचलत नाही एरवी. आतून ते शिट्टीसारखं वाजलं की मी समजते, उमा बसली. मग मी हात लावत नाही. आज कसं कोण जाणे… पुन्हा लागेल ना?’

म्हणजे शालीतूनही ऐकू येत होतं. रोज. आई रोज ऐकत होती, आणि आपल्या हाताशी असलेला फोन आता मुका आहे हे कळून, गुडघे पोटाशी घेऊन, लेकीचं संपायची वाट बघत होती. अण्णांची शाल दोन घड्या करून पांघरताना आपण आईपासून काय लपवत होतो? लपलं काहीच नव्हतं. लपवणं तेवढं झालं होतं. उमाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. ‘लागेल,’ ती कशीबशी म्हणाली, ‘घाई नाही.’ आणि तेवढ्यात तो खरोखरच वाजला.

दोघी दचकल्या. आईचा हात पुढे झाला, हवेत थांबला. मग तिनं पदर सारखा केला, समोर कुणी येऊन उभं राहिल्यासारखा, आणि उमाला मानेनंच सांगितलं, तू घे.

‘हॅलो. मॅडम? रविराज बोलतोय, ऑफिसातून.’

उमानं आईकडे बघून नकारार्थी मान हलवली. आईनं पदर सोडला.

‘बोला.’

‘मॅडम, राग मानू नका. दोनतीन दिवस बघतोय, फोनच लागत नव्हता तुमचा. आत्ता सर्व्हरवरनं तुमचं नाव गेलेलं दिसलं, म्हणून लगेच लावला. अण्णांचं ऐकून फार वाईट वाटलं.’ तो थांबला. हे आधी बोलायचं ठरवलेलं वाक्य होतं. त्याच्या पुढचं ठरवलेलं नसावं. ‘मॅडम, तुम्ही फलटणचा स्टॉक चढवताय का?’

‘हो.’

‘स्वप्नालीपण चढवतीय. दोनदा पडतोय. काल फलटणच्या माणसाचा फोन, म्हणाला, एवढ्या नळ्या माझ्या डेपोत मावायच्या पण नाहीत, साहेब, कुठनं आल्या.’ तो जरासा हसला, आणि हसू लगेच गिळलं. ‘साहेबांना नाही सांगितलं मी. काढून टाकलंय सगळं. पण तुम्ही कशाला त्रास घेताय? आमचं नाही अडलेलं काही. खरंच.’

आमचं नाही अडलेलं. उमानं रिसीव्हर कानाशी घट्ट दाबला, आवाज बाहेर सांडू नये म्हणून. आई सतरंजीचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत होती. एवढ्याशा खोलीत, एवढ्या शांततेत, तिला काय ऐकू जात होतं, काय नव्हतं?

‘बरं,’ ती म्हणाली. ‘नाही बसणार मी आता.’

‘आणि मॅडम… ते म्हणाले होते सांगू नका, पण मला बरं वाटंना. तुमचे काका. त्यांचा इथं फोन येतो. साताऱ्याची लाईन लागत नाही, पुतणी तुमच्याच ऑफिसात आहे म्हणून विचारतो, बिघडलीय का बघा म्हणाले. मी म्हटलं, लाईन चांगली आहे काका, मॅडम आत्ता आमच्या सर्व्हरवरच आहेत, मला दिसतात. मग म्हणाले, असू दे, कामात असेल पोरगी, मी केला होता म्हणून सांगू नका.’

‘कधी?’

‘काल. परवापण.’ तो घुटमळला. ‘म्हणजे, तसे ते आधीपासून करतात. अण्णा आजारी होते ना, तेव्हा. दुपारचाच यायचा. दुपारी घरात कुणी नसतं, एकटा असतो तेव्हा करतो म्हणाले. मी म्हणायचो, संध्याकाळी करून बघा. बघतो म्हणायचे. मला वाटलं, झालं असेल तुमचं बोलणं. झालं ना मॅडम?’

काहीतरी ती बोलली. काळजी घ्या, असं तो म्हणाला, किंवा ती म्हणाली. रिसीव्हर जागेवर गेला.

‘कुणाचा गं?’

‘ऑफिसचा.’

‘अडलं का काही त्यांचं?’

‘हो’ जिभेवर आला होता, सवयीनं.

‘नाही,’ उमा म्हणाली. ‘काही अडलेलं नाही.’

‘मग जा, कर तुझं पुरं. मी नाही हात लावायची आता.’

ती गेली नाही. ती सतरंजीवर बसली, आईपासून हातभर दूर, भिंतीला टेकून. दुपार. बाहेर कुणीतरी हौदातून बादली काढली, पाणी सांडलं. अण्णा असताना. हे दोन शब्द डोक्यात नुसते उभे होते, त्यांच्यापुढे जायला वाट नव्हती. अण्णा असताना, दुपारी, इथून चार पावलांवर, पलंगाच्या कडेला स्टूल, ‘हा विचारतोय, आहेस का’ — आणि अण्णांचा चेहरा खुललेला, आणि मी त्यांच्याकडे बघून हसते आहे, आजारपणात त्यांना एवढा तरी विरंगुळा मिळतो म्हणून स्वतःवर खूश. आणि त्याच वेळी सांगलीत, रिकाम्या घरात, पाय स्टुलावर ठेवून एक म्हातारा माणूस नंबर फिरवतो आहे, घरच्यांची नजर चुकवून, इतक्या वर्षांनी, आणि त्याच्या कानात टुं टुं टुं. रविराजनं सांगितलेलं ‘संध्याकाळी’ त्यांना जमणारं नव्हतं. संध्याकाळी घर भरलेलं असतं. मुलं, सून, नातवंडं. त्यांच्यासमोर कसा लावायचा, आणि काय बोलायचं — दादा, मी मधू… काकांनाही लाज वाटत होती. आमच्या घराण्यात ती सगळ्यांना वाटते, आणि सगळे ती दुपारी, दार लोटून…

‘तुझं झालं की लाईन मोकळी असू दे जरा,’ अण्णा एकदा म्हणाले होते. एकदा नाही, दोनतीनदा. तिनं ते कानावरून जाऊ दिलं होतं. टेलिफोनवाल्याची खोड. लहानपणीही ती मैत्रिणीशी बोलत राहिली तर ते म्हणायचे, आटप, मागे कुणीतरी खोळंबलेलं असतं. पण या वेळी त्यांनी ‘आटप’ म्हटलं नव्हतं. ‘असू दे जरा’ म्हटलं होतं. हळूच. मागितल्यासारखं. कुणाचा यायचाय का, असं तिनं विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं नसतं. पण तिनं विचारलं नव्हतं.

आईला अर्धं सांगता येईल. हे तिला चटकन दिसलं, आणि किती चटकन दिसलं, त्याची वेगळी शरम वाटली. ‘काल काकांनी केला होता म्हणे, लागला नाही.’ एवढंच. आईचा चेहरा उजळेल. दोन घास जातील. शालूबाई आल्या की त्यांना सांगेल, भावजी करत होते हो फोन, लागत नव्हता. आणि आनंदाची बातमी आणणारी म्हणून उमा त्या उजेडात बसेल. कुणाचं काय वाईट होणार आहे? काका स्वतःच म्हणाले, सांगू नका. अण्णांना आता कळणार नाही. आणि आईला ते दुसरं कळलं — की अण्णा ज्याची वाट पाहत होते तो रोज दारापर्यंत येत होता, आणि दाराशी त्यांची लेक पाठ करून बसली होती — तर ती काय करेल? काही करणार नाही. ‘तुला काय ठाऊक, बाळा,’ म्हणेल. तिचीच बाजू घेईल. तेच सोसायचं नव्हतं.

‘झोप येतेय का?’ आई म्हणाली. ‘पड जरा.’

‘आई, मधुकाकांचा नंबर काय गं?’

तिच्याच गावातला नंबर, आणि तो तिला ठाऊक नव्हता. ऑफिसचा नंबर झोपेतून उठवलं तरी तिची बोटं लावतील.

‘कशाला?’

‘लावते.’

‘आपण नाही लावायचा.’ आई समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली. ‘आतून ऐकलंस ना मघाशी. दुःख आपल्याकडे झालंय.’

‘आपणच लावायचा, आई.’

आता आईनं मान वळवली. दोरा तिच्या बोटाला गुंडाळलेला तसाच होता, बोटाचं टोक पांढरं पडलं होतं.

‘का?’

उमा थांबली. दरवेळी प्रश्नाच्या आधी उत्तर येऊन उभं राहायचं — नोकरी आहे, अडतं माझ्याशिवाय, तीनच दिवसांचं आहे मला — या वेळी ती वाट पाहत राहिली आणि काही आलं नाही. लाज होती; पण आतापर्यंत ती कुणी बघत तर नाही ना अशी सारखी मागे वळून पाहणारी होती, आणि आता ती वळत नव्हती. नुसती बसली होती, आमच्या दोघींच्या मधल्या त्या हातभर जागेत. अण्णा गेल्यापासून मी आईच्या डोळ्यांत सरळ पाहिलं नव्हतं, हे मला आता कळलं. पायांकडे पाहिलं, पदराकडे, हातातल्या दोऱ्याकडे. डोळे खोल गेले होते. उजव्या डोळ्याची कड सुजली होती. ती कधी सुजली, मला माहीत नव्हतं. आई घाई करत नव्हती. मी तोंड उघडलं तेव्हा पहिला शब्द कोणता निघेल ते मला ठाऊक नव्हतं, आणि मी तिच्याकडे पाहत राहिले.